अग्निबाण किती उंच गेला?

एखाद्या मैदानावर मुलांनी लहानसा अग्निबाण उडवला, म्हणजे जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो किती उंच गेला? उत्तरे मात्र जितकी माणसे तितकी मिळतात. कोणी म्हणतो हजार फूट, कोणी म्हणतो पाण्याच्या टाकीच्या दुप्पट, आणि ज्याने तो बनवला त्याच्या मते ढगालाच जाऊन टेकला. यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आकाशात तुलनेला झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. म्हणून मनुष्याच्या डोळ्याला तेथले अंतर कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर नजरेने देता येत नाही, ते नोंदीने द्यावे लागते. ही नोंद कशी घ्यावी, ती कशी वाचावी, आणि वाचताना आपण नागपूरकरांनी कोणती विशेष काळजी घ्यावी, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय पोरखेळाचा वाटेल. पण या खेळात एक गोष्ट फार गंभीर आहे. वर गेलेली वस्तू खाली येतेच. पुठ्ठ्याच्या नळीचा, दीडशे ग्रॅम वजनाचा अग्निबाण शंभर मीटरांवरून नाक खाली करून सरळ आला, तर जमिनीजवळ त्याचा वेग ताशी सुमारे एकशे चाळीस किलोमीटर भरतो. त्याला सांभाळून खाली आणते ती हवाई छत्री. सुधारलेल्या अग्निबाणात ही छत्री केव्हा उघडावी हे जे यंत्र ठरवते, तेच यंत्र उंचीही मोजते. तेव्हा नोंद चुकली म्हणजे केवळ कोणाची बढाई खोटी ठरते असे नव्हे; खाली उभ्या असलेल्या माणसाचे डोके धोक्यात येते.

जमिनीवरून मोजणी

सर्वांत जुनी आणि आजही निरुपयोगी न झालेली रीत म्हणजे जमिनीवर उभे राहून कोन मोजणे. आपल्या शहराला ही विद्या परकी नाही. आपला झिरो माइलचा स्तंभ हे हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचेच स्मारक आहे. १८०२ साली मद्रासेपासून ही प्रचंड मोजणी सुरू करणारा विल्यम लँबटन काम करता करताच १८२३ साली हिंगणघाटास वारला. त्याने जे हजारो मैलांच्या प्रदेशाकरिता केले, तेच आपल्याला शंभर मीटरांच्या अग्निबाणाकरिता करावयाचे आहे.

समजा, उड्डाणाच्या जागेपासून मोजून शंभर मीटरांवर आपण उभे आहोत. अग्निबाण शिखरावर पोहोचला त्या क्षणी कोनमापकाने आपण क्षितिजापासूनचा कोन घेतला, तो साठ अंश भरला. शाळेतले गणित सांगते की उंची एकशे त्र्याहत्तर मीटर. पण धावत्या वस्तूचा कोन घेताना दोन अंशांची चूक कोणाचीही होते. अठ्ठावन्न अंश धरले तर उंची एकशे साठ होते, बासष्ट धरले तर एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे दोन अंश इकडेतिकडे झाले की अठ्ठावीस मीटरांचा संशय उभा राहिला. म्हणून अनुभवी माणूस आणखी मागे सरकून उभा राहतो, जेणेकरून कोन पंचेचाळिसाच्या आसपास यावा. तेथे तीच चूक कमी नडते.

दुसरी अडचण वाऱ्याची. अग्निबाण वाऱ्याकडे झुकतो. तो आपल्याकडे वीस मीटर सरकून आला, तर आपण शंभर धरलेले अंतर वस्तुतः ऐंशी असते, आणि हिशेबात उंची सव्वापट फुगते. यावर उपाय म्हणजे दोन निरीक्षक, दोन ठिकाणी, एकाच वेळी कोन घेणारे. दोघांचे उत्तर जवळजवळ जुळले तर मोजणी मान्य, न जुळले तर रद्द. ही शिस्त लँबटनच्या काळची आहे, आणि पुढे जे काही यंत्रांविषयी सांगायचे आहे त्या सर्वांचा पाया हीच शिस्त आहे: एका साक्षीदारावर विसंबू नये.

यंत्रालाच वर पाठवणे

जमिनीवरचा निरीक्षक शिखराची उंची सांगू शकतो. पण मधल्या प्रत्येक क्षणी काय घडले हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी यंत्रालाच वर पाठवावे लागते. अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड याने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंदांत एक्केचाळीस फूट चढला. आपल्या कित्येक इमारती त्याहून उंच आहेत. पण याच गॉडर्डने १७ जुलै १९२९ रोजी जो अग्निबाण सोडला, त्यात वायुभारमापक, तापमापक आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा कॅमेरा बसवलेला होता. अग्निबाणाबरोबर उपकरणे पाठवून ती परत आणण्याच्या विद्येचा आरंभ तेथे झाला. अग्निबाण गेला होता अवघा नव्वद फूट. परंतु कल्पना पुढे गेली ती चंद्रापर्यंत.

त्याच सुमारास, १९३० साली, रशियात पावेल मोल्चानोव्ह याने फुग्याला उपकरणे बांधून त्यांची वाचने रेडिओने खाली मिळवली. आपल्या नागपूरच्या हवामान केंद्राचे फुगे आकाशात चढताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही गोष्ट नवी नाही. फुग्याखाली लोंबणारी ती हलकी डबी हवेचा दाब, उष्णता आणि ओलावा खाली कळवीत जाते. लहान अग्निबाणातले नोंदयंत्र हे या डबीचेच धाकटे भावंड होय. फरक एवढाच, की फुगा सावकाश चढतो आणि अग्निबाण काही सेकंदांत सारा कारभार आटोपतो.

भारतात या विद्येचा श्रीगणेशा २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथे झाला. अमेरिकेचा ‘नाइके-अपाची’ अग्निबाण संध्याकाळच्या वेळी वर गेला आणि त्याने उंच आकाशात सोडियमच्या वाफेचा ढग सोडला. निरनिराळ्या ठिकाणांहून त्या ढगाची छायाचित्रे घेऊन, कोनांवरून त्याची जागा काढून, वरच्या वाऱ्यांची दिशा आणि गती ठरवावयाची, अशी ती योजना. पुन्हा लँबटनचा त्रिकोणच! थुंब्याच्या त्या आरंभीच्या काळात आपल्याकडची माणसेही होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे थुंब्याची जागा निवडणाऱ्यांपैकी, प्रमोद काळे हे पुण्याचे, आणि घन इंधनाचे शास्त्र येथे रुजवणारे वसंत गोवारीकरही पुण्याचेच. २० नोव्हेंबर १९६७ रोजी तेथून भारतीय बनावटीचा ‘रोहिणी-७५’ उडाला. नावातील पंचाहत्तर म्हणजे त्याच्या नळीचा व्यास, मिलिमीटरांत. म्हणजे साधारण तीन इंच. जगातल्या मोठमोठ्या अंतराळसंस्थांच्या पंक्तीला बसलेल्या देशाने तीन इंची नळीपासून सुरुवात केली, ही गोष्ट लहान अग्निबाणाला हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

छंद म्हणून अग्निबाण उडवण्याची पद्धत अमेरिकेत १९५७ पासून वाढली. त्या वर्षी स्पुटनिक आकाशात गेला आणि घरोघरच्या मुलांना अग्निबाणाचे वेड लागले. मुले परसात दारू ठासू लागली, बोटे गमावू लागली. तेव्हा ऑर्व्हिल कार्लाइल आणि हॅरी स्टाइन या दोघांनी कारखान्यात बनलेली, एकदाच वापरायची, ठरावीक जोराची लहान इंजिने आणि सुरक्षिततेचे नियम पुढे आणले. या छंदातील नोंदीचे साहित्य पूर्वी महाग होते. आज बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर दाबमापक, त्वरणमापक आणि स्मरणकोश बसतात, आणि त्यांची किंमत महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यात असते.

दोन साक्षीदार

या पट्टीवर मुख्य साक्षीदार दोन. पहिला दाबमापक. आपण वर जाऊ तशी आपल्या डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब घटतो. जमिनीजवळ एक मीटर वर गेल्यास दाब दहा-बारा पास्कलने कमी होतो. आजचा दाबमापक एक-दोन पास्कलचा फरकही ओळखतो. म्हणजे त्याला वीतभर उंचीही समजते. टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला तरी त्याला कळते.

दुसरा साक्षीदार त्वरणमापक. हा थोडा चमत्कारिक आहे, म्हणून त्याचा स्वभाव नीट समजून घेऊ. लिफ्ट वर निघताना पायांवर जो जादा भार जाणवतो, तोच हे यंत्र मोजते. ते जमिनीवर स्वस्थ पडले असता ‘एक जी’ दाखवते, कारण जमीन त्याला खालून उचलून धरते. आणि तेच यंत्र गच्चीवरून सोडून दिले, तर पडत असताना शून्य दाखवते, कारण त्याला कोणीच धरलेले नसते. म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला प्रत्यक्ष दिसत नाही. गुरुत्वाकर्षणाखेरीज जो कोणी त्याला ढकलतो किंवा अडवतो, तेवढाच त्याला दिसतो. हा स्वभाव ज्याला उमगला, त्याला पुढचा आलेख पुस्तकासारखा वाचता येतो.

एका उड्डाणाचा आलेख

आता एक उदाहरण घेऊ. अग्निबाण दीडशे ग्रॅमचा, नळीचा व्यास चार सेंटिमीटर, दिवस मे महिन्यातला.

पेटवण्यापूर्वी त्वरणमापक एक जी दाखवतो. इंजिन पेटताच आकडा चारवर चढतो आणि दीड सेकंद सुमारे तेथेच राहतो. यातले एक जी गुरुत्वाकर्षणाला तोलण्यात खर्च झाले, उरलेल्या तिहींनी अग्निबाणाला वेग दिला. तीन जी म्हणजे दर सेकंदाला साधारण साडेएकोणतीस मीटर वेगवाढ. दीड सेकंदात वेग झाला चव्वेचाळीस मीटर, आणि तोवर चढण झाली तेहतीस मीटर.

येथे इंजिन विझते. पुष्कळांना वाटते, आता अग्निबाण संपला. वस्तुतः त्याचा मोठा प्रवास येथून पुढेच आहे. सुटलेल्या गलोलीच्या खड्याप्रमाणे तो मिळालेल्या वेगावर चढत राहतो. या क्षणी त्वरणमापकाचा आकडा एकदम खाली जातो, शून्याच्याही खाली, उणे पॉइंट सातच्या आसपास. हे उणे काय आहे? गुरुत्वाकर्षण नव्हे, कारण ते या यंत्राला दिसत नाही असे आपण आताच पाहिले. मग उरली ती हवा. म्हणजे विझल्यानंतरच्या आलेखात जे दिसते, तो हवेचा शुद्ध विरोध होय. दीडशे ग्रॅमच्या वस्तूला पॉइंट सात जी म्हणजे सुमारे एक न्यूटनचा अडथळा. त्यावरून आकाराचा विरोधांक काढला तर तो पॉइंट पंचाहत्तरच्या जवळ येतो. मोठ्या संस्था जी गोष्ट वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती टांगून मोजतात, ती येथे मुलांच्या हाती एका उड्डाणात लागली. नाकाचा आकार बदला, शेपटीचे पंख घासून गुळगुळीत करा, पुन्हा उडवा. हा आकडा किती उतरला ते नोंद सांगेल.

अग्निबाण मंदावतो तसा विरोधही मंदावतो आणि त्वरणमापक हळूहळू शून्याकडे येतो. शिखर केव्हा आले हे मात्र तो एकटा स्वच्छ सांगू शकत नाही. तेथे त्याला काहीच विशेष जाणवत नाही. ते काम दाबमापकाचे. दाब घटत घटत एका क्षणी थांबतो आणि पुन्हा वाढू लागतो. आपल्या उदाहरणात हा क्षण पेटवल्यापासून पाच पूर्णांक दोन दशांश सेकंदांनी येतो. यंत्राला छत्री उघडण्याचा हुकूम येथे द्यायचा असतो. एकाच वाचनावर विसंबून तो दिला, तर एखाद्या झुळुकीने फसगत व्हायची. म्हणून सलग अनेक वाचने वाढती आली म्हणजेच शिखर उलटले असे यंत्राला शिकवतात.

छत्री उघडल्यावर उतरण बावीस सेकंदांत पुरी होते, म्हणजे वेग सेकंदाला पाच मीटरांच्या आत. हा सव्वा मीटर उंचीवरून, म्हणजे टेबलापेक्षा थोड्या वरून पडण्याइतका धक्का झाला. पुठ्ठ्याची नळी तो सोसते.

आता मूळ प्रश्न: किती उंच? त्वरणमापकाच्या वाचनांची बेरीज करून वेग, आणि वेगाची बेरीज करून उंची काढली, तर ती येते एकशे नऊ मीटर. दाबमापकाच्या यंत्राने छापलेली उंची आहे अठ्ठ्याण्णव मीटर. दोन साक्षीदार, दोन साक्षी, अकरा मीटरांचे अंतर. खोटे कोण बोलते?

नागपूरचे ऊन

उत्तर आपल्या शहराच्या उन्हात आहे. दाबावरून उंची काढताना यंत्र एक गृहीत धरते. त्याच्या पोटात ‘प्रमाण वातावरण’ नावाचे एक कोष्टक असते आणि त्या कोष्टकात समुद्रसपाटीला हवा पंधरा अंश उष्ण मानली आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे दहा मीटर उंच. त्या हिशेबाने येथली हवा यंत्र तेरा अंशांची धरते. आमच्या मे महिन्याला तेरा अंश! बाहेर पारा बेचाळिसावर.

उष्ण हवा फुगते, विरळ होते. विरळ हवेत एक मीटर चढल्याने दाब कमी प्रमाणात उतरतो. तेरा अंशांच्या हवेत येथे मीटरमागे साडेअकरा पास्कलच्या वर फरक पडतो, बेचाळीस अंशांत तो साडेदहाच पडतो. यंत्र बिचारे जुन्याच दराने हिशेब करते आणि उंची कमी सांगते. दुरुस्ती सोपी आहे. दोन्ही उष्णतामानांत दोनशे त्र्याहत्तर मिळवा: खरे झाले तीनशे पंधरा, गृहीत झाले दोनशे शहाऐंशी. त्यांचा भागाकार एक पूर्णांक एक दशांश. अठ्ठ्याण्णवला त्याने गुणले की एकशे आठ मीटर. दुसरा साक्षीदार एकशे नऊ म्हणत होता. साक्ष जुळली.

यातली गंमत पुढेच आहे. विरळ हवा अग्निबाणाला अडवतेही कमी. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तोच अग्निबाण जानेवारीतल्या पहाटेपेक्षा वस्तुतः अधिक उंच जातो, आणि नेमके त्याच वेळी यंत्र त्याची उंची दहा टक्के कमी लिहून ठेवते. दुरुस्ती न करता कोणी दोन ऋतूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर तो अगदी उलटा सिद्धान्त काढून बसेल. थंड देशात छापलेले कोष्टक आपल्या उन्हात जसेच्या तसे वापरता येत नाही, हा धडा केवळ अग्निबाणापुरता आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक सावधगिरी. या पट्टीवर स्वतःचा तापमापकही असतो. पण उन्हात तळपणाऱ्या नळीच्या आतील उष्णता साठ अंशांवरही जाऊ शकते. ती हवेची उष्णता नव्हे. दुरुस्तीला लागणारा आकडा सावलीत टांगलेल्या साध्या तापमापकावरूनच घ्यावा.

नोंदीतल्या फसगती

नोंदयंत्र खोटे बोलत नाही, पण त्याला जे दिसते ते आपल्याला हवे तेच असेल असे नाही. चार फसगती नेहमीच्या आहेत.

पहिली छिद्रांची. दाबमापकाला बाहेरची हवा कळावी म्हणून नळीला बारीक छिद्रे पाडतात. एकच छिद्र असले आणि वाऱ्याचा झोत थेट त्यात शिरला, तर यंत्र हवेच्या दाबाबरोबर झोताचा धक्काही मोजते. सेकंदाला चव्वेचाळीस मीटर वेगाला हा धक्का हजार पास्कलच्या वर भरतो. त्याचा हिशेब केला तर शंभर मीटरांची खोटी उंची होते. म्हणजे साऱ्या उड्डाणाइतकीच. म्हणून नळीभोवती समान अंतरावर तीन-चार बारीक छिद्रे, नाकापासून दूर, कडा घासून साफ केलेली, अशी ठेवतात. एकाचा धक्का दुसऱ्याच्या ओढीने फिटतो.

दुसरी फसगत छत्री बाहेर फेकण्याच्या क्षणाची. त्यासाठी नळीत दाब निर्माण करावा लागतो. त्याचा झटका दाबमापकाला बसला, की आलेखात अग्निबाण एका निमिषात खाली आपटून पुन्हा वर आलेला दिसतो. असा काटा दिसला तर तो उड्डाणाचा भाग नव्हे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. यंत्र आकडे देते, अर्थ माणसाने लावायचा असतो.

तिसरी फसगत नोंदींच्या संख्येची. सेकंदाला वीस नोंदी पुष्कळ वाटतात. पण जोर जर सेकंदाचा दहावा भागच टिकणार असेल, तर त्या सबंध घटनेच्या वाट्याला दोन नोंदी येतात. दोन ठिपक्यांतून कोणतीही रेघ काढता येते. तेथे सेकंदाला निदान दोनशे नोंदी पाहिजेत. यंत्राचे मापही अपुरे पडू शकते. सोळा जीपर्यंतच मोजणाऱ्या यंत्राला तीस जीचा हिसका बसला, तर आलेखाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. सपाट माथा दिसला, की मापटे भरून वाहिले असे समजावे.

चौथी फसगत साठत जाणाऱ्या चुकीची. त्वरणमापकात जीच्या पन्नासाव्या भागाची, म्हणजे अगदी किरकोळ, चूक कायमची राहून गेली, तर पाच सेकंदांत उंचीत अडीच मीटरांचीच तूट किंवा वाढ येते. पण तीच बेरीज मिनिटभर चालू ठेवली तर चूक साडेतीनशे मीटर होते. किराणा दुकानाच्या वहीत रोजचा एक पैसा चुकला तर वर्षअखेरीस जे होते त्याच्याही पलीकडचा हा प्रकार, कारण येथे बेरजेची पुन्हा बेरीज होते. म्हणून थोड्या वेळाच्या चढणीला त्वरणमापक विश्वासाचा आणि लांबच्या उतरणीला दाबमापक. दोघांना एकत्र बसवून, ज्याचा ज्या क्षणी भरवसा अधिक त्याला त्या क्षणी अधिक मान द्यावयाचा, याची पद्धतशीर गणिती रीत रुडॉल्फ काल्मन याने १९६० साली मांडली. चंद्रावर माणसे नेणाऱ्या यानांनी ती वापरली, आणि आज ती मुलांच्या नोंदयंत्रातही चालते.

दारू नको, पाणी घ्या

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे सारे ऐकून कोणी तरुण घरी जाऊन दारू कुटायला बसेल, तर या व्याख्यानाने पुण्याऐवजी पापच जोडले असे होईल. आपल्या देशात अग्निबाणाचे इंधन १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली आणि त्याखालील २००८ च्या नियमांखाली येते. ते बनवणे, साठवणे, नेणे-आणणे यांना परवाना लागतो. या कायद्याचा अंमल पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संघटनेचे, जिला लोक ‘पेसो’ म्हणतात तिचे, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. ‘पिनाक’ या सैनिकी अग्निबाणाच्या बांधणीतही अंबाझरीच्या आयुध कारखान्याचा वाटा आहे. तेव्हा स्फोटक द्रव्याला कोणत्या शिस्तीने हाताळतात, हे या शहराला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही. परवान्याखाली, जाणत्या संस्थेच्या देखरेखीने, मोकळ्या जागी, पोलीस आणि विमानतळ यांच्या संमतीने जे होईल ते होवो. घराच्या माळ्यावर काही होऊ नये.

मग शाळेच्या मुलांनी काय करावे? त्यांच्यासाठी पाण्याचा अग्निबाण आहे. शीतपेयाची दोन लिटरांची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, आणि सायकलच्या पंपाने भरलेली चार-पाच वातावरणांच्या दाबाची हवा. बुचाची खीळ दोरीने लांबून ओढली, की पाणी खाली सुटते आणि बाटली वर. इंधन नाही, ज्वाला नाही. तडा गेलेली किंवा काचेची बाटली मात्र कदापि वापरू नये, आणि सर्वांनी निदान दहा मीटर दूर उभे राहावे. दाबाखालची बाटलीही थट्टेची वस्तू नव्हे.

नोंदीच्या दृष्टीने हा पाण्याचा अग्निबाण सोपा नाही, उलट अधिक कठीण आहे. त्याचा जोर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टिकतो आणि हिसका कित्येक जींचा असतो. म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या फसगतीची परीक्षा येथेच होते. ज्याला बाटलीची नोंद नीट घेता आली, त्याला पुढे कशाचीही घेता येईल. साहित्यही माफक लागते. सेकंदाला दोनशे नोंदी, प्रत्येकीला दहा अक्षरांची जागा, असे मिनिटभर लिहिले तरी सव्वा लाख अक्षरेदेखील भरत नाहीत. लहानशा स्मरणकोशात ती सहज मावतात.

वहीचे महत्त्व

शेवटी यंत्राहून महत्त्वाच्या एका साधनाविषयी सांगतो. ते म्हणजे चाळीस पानी वही. उड्डाणापूर्वी तिच्यात चार गोष्टी लिहाव्यात: अग्निबाणाचे वजन, सावलीतले उष्णतामान, वाऱ्याची दिशा, आणि आपल्या हिशेबाने तो किती उंच जाईल तो आकडा. चौथी नोंद सर्वांत मोलाची, कारण ती घटनेच्या आधीची आहे. उड्डाणानंतर हिशेब जुळवणे सर्वांनाच जमते. आधी लिहिलेला आकडा आणि नंतर मिळालेला आकडा यांच्यातील फरक ज्याने न लपवता त्याच पानावर लिहिला, आणि तो का पडला याचा शोध घेतला, त्याने विज्ञान केले. बाकीच्यांनी आतषबाजी केली.

ही सवय कोठवर नेते याचे दाखले आपल्याकडे आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी, आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेला. उपग्रह एकदा गेला की त्याला हात लावता येत नाही. त्याच्याविषयी जे काही कळते ते नोंदीतूनच. ज्या विद्यार्थ्याला शंभर मीटरांवरच्या नळीची नोंद वाचता येत नाही, त्याला पाचशे किलोमीटरांवरच्या पेटीची कशी वाचता येणार?

म्हणून आपल्या शाळांतून असे खेळ व्हावेत, पण नोंदीसह व्हावेत. मैदानावर टाळ्या पडतात त्या उंच गेलेल्या अग्निबाणाला. एखाद्या गुरुजींनी कधी तरी त्या मुलालाही पुढे बोलवावे, ज्याचा अग्निबाण थोडाच वर गेला, पण किती गेला, का गेला आणि पुढच्या खेपेला किती जाईल हे ज्याला वही उघडून सांगता आले.